टायर कोण चढवणार?

स्टेपनी हा शब्द तुम्हाला ठाऊक असणारच. गाडीच्या डिकीत निवांत झोपलेलं पाचवं चाक! आमच्या पाचोडच्या स्टँडवरचे जीपवाले तर दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतात. पण मित्रांनो, हा शब्द मराठी नाही, हिंदीही नाही. ते चक्क एका रस्त्याचं नाव आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ साली डेव्हिस आडनावाच्या दोन भावांनी तिथे मोटारीचं जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्याआधी मोटारीबरोबर जादा चाक नसेच. पंक्चर झालं की बसा रस्त्याच्या कडेला, काढा टायर, लावा ठिगळ. साहेब असो की सरदार, धूळ सगळ्यांच्याच कपड्यांना!

त्याच्याही आधीची गोष्ट आणखी मजेदार आहे. हवेचा टायर लोकांपुढे आणला तो १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला खडखडाट फार होतो म्हणून त्यांनी हा उद्योग केला. टायर झकास होता, पण तो चाकाला चिकटवलेला असे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर टायर घेऊन आला. तो सोडवून दुरुस्त करण्यात काही तास गेले आणि चिकटवलेलं वाळायला अख्खी रात्र! मिशेलिन बंधूंच्या डोक्यात किडा वळवळला. १८९१ मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि रात्रभराचं काम पाव तासावर आणलं. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा सायकलपटू त्या टायरवर पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस ही लांबलचक शर्यत जिंकला.

म्हणजे टायरचं काम घरी करायचं की दुकानात, हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आमच्या घरी तो अलीकडच्याच एका एप्रिल महिन्यात झाला, तोही भर जेवताना.

झालं असं, की आईला उपचारासाठी आठवड्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. पाचोड ते शहर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. आठवड्याचे दोनशे, वर्षाचे दहा हजार! आमची छोटी मारुती अल्टो, चालवणार दादा. रस्ता तोच, धुळे-सोलापूर महामार्ग. आता चौपदरी झाल्यामुळे गाड्या बाणासारख्या सुटतात. एका संध्याकाळी दादानं मला गाडीपाशी बोलावलं आणि पुढच्या टायरवर हात फिरवून म्हणाला, “बघ, गोटा झालाय पार.”

तुम्हीही कोणत्याही मोटारीच्या टायरच्या खाचेत डोकावून बघा. खाचेच्या तळाशी मधे मधे आडवे, छोटेसे उंचवटे दिसतात. ती कंपनीनं ठेवलेली खूण आहे. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली, की त्याची सेवा संपली. आपल्या देशाच्या मोटार नियमातही मोटारीसाठी हाच आकडा आहे. आमचे मागचे दोन टायर बरे होते, पुढचे दोन मात्र त्या खुणेच्याही खाली गेले होते.

आता टायर म्हणजे एकेक अडीच-तीन हजारांच्या घरात. औषधांचा खर्च चालू असताना हे पैसे काही आभाळातून पडणार नव्हते. नववीतला पुतण्या ताटावरूनच म्हणाला, “काका, शहरात होलसेलवाल्याकडे टायर स्वस्त मिळतो. तो नुसता टायर देतो, चढवून देत नाही. पण चढवायला काय लागतंय? मी मोबाईलवर बघितलंय. दोन टामी असल्या की झालं.”

दादा म्हणाला, “लई शहाणा. गॅरेजवाल्याला चावी देऊ, तो बघून घेईल सगळं. कोणता घालायचा तेबी तोच ठरवील.”

“पण पप्पा, तो म्हणेल तेच घ्यायचं का?”

“मग तू म्हणशील तसं करायचं?”

आई शेवटी वैतागली. “भांडा नंतर. मंगळवारी मला टायमावर न्या म्हंजे झालं.”

मला दोघांचंही अर्धं अर्धं पटत होतं. ‘टायर बदलणे’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन निराळी कामं दडलेली आहेत. योग्य टायर निवडून घेणं हे एक. गाडीचं चाक काढणं आणि बसवणं हे दुसरं. आणि लोखंडी डिस्कवरून जुना टायर उतरवून नवा चढवणं हे तिसरं. पुतण्या तिन्ही कामं घरी करायला निघाला होता आणि दादा तिन्ही दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला.

पहिलं काम डोळ्यांचं आहे. टायरच्या बाजूवर त्याची अख्खी जन्मपत्रिका छापलेली असते. आमच्या अल्टोच्या टायरवर १४५/८० आर १२ असं होतं आणि पुढे ७४ टी. (टायरवर अर्थातच ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीत असतात.) १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका विशिष्ट पद्धतीनं मांडलेले. १२ म्हणजे डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. गणिताच्या सरांनी असं लिहिलेलं पाहिलं असतं तर मार्क कापले असते. पुढचा ७४ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ३७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत टायर टिकेल. (आमची अल्टो तेवढी पळेल तेव्हा मी पेढे वाटीन.)

यापेक्षाही महत्त्वाचे चार आकडे एका लंबगोलात असतात. ०८२४ असेल तर २०२४ सालचा आठवा आठवडा, म्हणजे टायरचा जन्म फेब्रुवारीतला.

आम्ही शहरात टायर घ्यायला गेलो तेव्हा सहावीतली पुतणीही बरोबर होती. दुकानदारानं टायर पुढे ठेवला. चकचकीत, काळाभोर, भाव ऐकून तर दादाचा चेहरा खुलला. पुतणी गुडघ्यावर बसून त्या टायरभोवती फिरली आणि म्हणाली, “काका, हा पाच वर्षांचा आहे.”

दुकानदार हसला. “ताई, टायर काय भाजी आहे का शिळी व्हायला?”

खरं सांगायचं तर थोडा भाजीसारखाच आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू कडक करत जातो, आणि उष्णता त्या कामाला हातभार लावते. पत्र्याच्या गोदामात मराठवाड्याचे पाच उन्हाळे काढलेला टायर वरून नवा दिसतो, पण त्याचं निम्मं आयुष्य न धावताच सरलेलं असू शकतं. आम्ही दुसरा मागितला. दुकानदार जरा कुरकुरला, मग आतून त्याच वर्षी बनलेले दोन घेऊन आला. भाव थोडा जास्त पडला. दादानं मुकाट्यानं पैसे मोजले आणि गाडीत बसल्यावर पुतणीला विचारलं, “कुठं असतो गं तो आकडा?” हल्ली टायर घरपोचही मागवता येतो, पण तेव्हा हा आकडा टायर हातात पडल्यावरच दिसतो, हे लक्षात ठेवा.

दुसरं काम, चाक काढण्याचं, मी पुतण्याला अंगणातच शिकवलं. हे प्रत्येकाला आलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, मुलींना तर आलंच पाहिजे. पण एकट्यानं नाही, मोठं माणूस बरोबर असताना. जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. गाडी उचलण्याआधी नट ढिले करायचे, कारण चाक अधांतरी असताना जोर लावला तर ते फिरतं किंवा गाडी जॅकवरून घसरते. आणि गाडी जॅकवर असताना हात-पाय खाली घालायचा नाही. खाली पडलेला नट घ्यायलासुद्धा नाही.

पुतण्याला नट हलेना. पाना छोटा होता. मी कोठ्यातून लोखंडी नळी आणून पान्याच्या दांड्यात घातली, दांडा दुप्पट लांब झाला आणि नट कुरकुरत सुटला. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ त्या दिवशी त्याला खरी भेटली. मात्र नळीचा उपयोग सोडण्यापुरताच. आवळताना नळी लावली तर बोल्ट ताणून तुटायचा.

आता तिसरं काम. यावरच खरी जुंपली होती. नुसतं ‘नको’ म्हटलं तर नववीतला मुलगा ऐकतो का? दादाच्या कोठ्यात एका जुन्या गाडीचं भंगार चाक पडून होतं. तो म्हणाला, “हे घे. उतरव याचा टायर.”

पुतण्यानं व्हॉल्वमधली पिन काढून हवा सोडली. टायर काही डिस्कची साथ सोडेना. नाचून झालं, घणानं ठोकून झालं. शेवटी दादाच मदतीला गेला. दोन टामी घालून, एक पायाखाली दाबून, तासाभरानं टायर निघाला. पुतण्याचा शर्ट घामानं भिजलेला, पण चेहरा विजयी! मी टायरची आतली कड त्याला दाखवली. टामीनं रबर फाटून आतली तांबूस तार दिसत होती. टायरच्या कडेत पोलादी तारांचं वेटोळं असतं, त्याच कडेच्या जोरावर टायर डिस्कला घट्ट धरून बसतो. आमच्या गाडीचे टायर ट्यूबलेस, आत ट्यूब नाही. म्हणजे हवा अडवून धरणारी ती कडच. तिलाच जखम झाली तर नवा कोरा टायर घरीच वाया.

पुतण्या बराच वेळ त्या तारेकडे बघत होता. मग म्हणाला, “ट्रॅक्टरचा मग कसा काय चढवतात, पप्पा?” प्रश्न चांगला होता. दादानं ट्रॅक्टरचे टायर हातानं चढवलेले आहेत. पण त्यात ट्यूब असते, ट्रॅक्टर शेतात रमतगमत चालतो, आणि ते हात वीस वर्षांचे सरावलेले आहेत. हातानं होतच नाही असं नाही. आमच्या महामार्गावर केरळातून आलेले पंक्चरवाले पूर्वीपासून आहेत, रबराच्या मळ्यांच्या मुलुखातली ही माणसं दोन टामींवर ट्रकचा टायर असा सोलतात, की जणू मोसंबीचं साल.

आम्ही दोन्ही टायर घेऊन गावाबाहेर, हायवेच्या एका टायरच्या दुकानात गेलो. तिथे मशीन होतं. मिस्त्रीनं डिस्क फिरत्या तबकडीवर बसवली, कडेला ब्रशनं साबणाचं पाणी फासलं आणि मशीनचा दांडा टेकवला. तीन मिनिटांत जुना उतरला, नवा चढला. पुतण्या आणखी वाकून बघायला लागला तसा मिस्त्रीनं त्याचा खांदा धरून मागे ओढला. “बाळा, हवा भरताना तोंड लांब ठेव.” मग हवा भरली. फट्! फट्! दोन बार उडाले. टायरच्या दोन्ही कडा सरकून डिस्कच्या खोबणीत बसल्याचा तो आवाज.

तोंड लांब का ठेवायचं, याचा हिशोब आम्ही त्याच रात्री केला. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० पौंड हवा भरतात. म्हणजे आतल्या प्रत्येक चौरस इंचावर ३० पौंडांचा रेटा. आमच्या छोट्याशा टायरच्या एका बाजूच्या भिंतीचं क्षेत्रफळ येतं सुमारे २३५ चौरस इंच. गुणाकार करा. सात हजार पौंड, म्हणजे तीन टनांहून जास्त! मोसंबीनं भरलेली ट्रॉली आतून ढकलते आहे आणि ती अडवायला फक्त ती तार. कड नीट बसली नसेल, तार दुखावलेली असेल, तर काय होईल ते सांगायला नको. ट्रकच्या काही चाकांना वेगळी लोखंडी रिंग असते, ती उडून माणसं दगावलेली आहेत. म्हणून जाणता मिस्त्री अशा चाकात हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरतो.

मग चाक दुसऱ्या मशीनवर गेलं. बॅलन्सिंग! दादाला हे नेहमी पैसे काढायचं निमित्त वाटायचं. त्याच्यासाठी आणखी एक हिशोब केला. आमचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.७ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला १३ वेळा फिरतं. डिस्कच्या कडेला एका बाजूला फक्त २० ग्रॅम वजन जास्त असलं, तर त्या वेगाला ते दोन किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतं, सेकंदाला तेरा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेनं. स्टिअरिंग थरथरतं ते यामुळे. मशीन ती जागा शोधतं आणि मिस्त्री समोरच्या कडेला वजनाची छोटी पट्टी ठोकतो. घरी हे कशानं करणार? पाटा-वरवंट्यानं?

दुकानदारानं नायट्रोजन भरायचा का, असंही विचारलं, थोडे जादा पैसे घेऊन. पुतणी पटकन म्हणाली, “साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो की.” तो हसला आणि साधी हवा भरली.

एका गोष्टीवर मात्र आम्हीच अडून बसलो. नवे टायर पुढे बसवायला मिस्त्री निघाला, दादाचंही तेच मत. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग चांगले टायर पुढेच नकोत का? ऐकायला बरोबर वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते, वेग कमी केला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि भल्याभल्या ड्रायव्हरला सावरत नाही. म्हणून दोनच नवे घेतले तर ते मागे घालावेत असं टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. मागचे बरे टायर पुढे आले आणि नवे मागे गेले. दादा घरी येईपर्यंत पुटपुटत होता.

नट बसवायचं काम पुतण्यानं मागून घेतलं. मिस्त्री हवेच्या गननं ट्रर्रर्र करून क्षणात आवळतो, पण मग रस्त्यात कधी चाक काढायची वेळ आली तर घरच्या पान्यानं ते सुटत नाहीत. पुतण्यानं आधी हातानं चारही नट फिरवले, मग पान्यानं एक झाला की त्याच्या समोरचा, अशा क्रमानं आवळले. शेजारशेजारचे ओळीनं आवळले तर चाक एका बाजूला तिरकं बसतं. गाडी जमिनीवर टेकल्यावर शेवटचा जोर. मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता, एकदाही मधे बोलला नाही.

चढवणं आणि बॅलन्सिंग मिळून, होलसेलमध्ये वाचलेले बहुतेक पैसे तिथे गेले. पुतण्याला थोडी हळहळ वाटली. मला नाही वाटली. भरलेली गाडी हजारएक किलोची. ती रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण आपल्या तळहाताएवढं. आमची आई मागच्या सीटवर उशीला टेकून बसते, ती त्या चार तळहातांवर. एप्रिल-मेच्या उन्हात, चाळिशी ओलांडलेल्या तापमानात, हवा कमी असलेला टायर धावताना जास्त दबतो, जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन खात्यानं टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत फिरवायला सुरुवात केली होती, ती उगाच नाही.

मंगळवारी आई वेळेवर दवाखान्यात पोहोचली. तिचे उपचार चालू असताना पुतण्या पाना घेऊन पार्किंगमध्ये गेला आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासून आला, कारण चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं ते बघावे लागतात. एक पाव आटा फिरला, म्हणाला. आता गाडी निघण्याआधी सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजायचं काम पुतणीकडे आहे. त्यासाठी तिनं छोटं मीटर घ्यायला लावलं. दादा म्हणतो, “हवा कमी निघाली तर ही पोरगी गाडी हलू देत नाही.”

राहिले ते दोन गोटा टायर. एक अंगणातल्या लिंबाला टांगला, त्याचा झोका झाला. दुसरा शेळ्यांच्या चाऱ्यासाठी ठेवला. दोन्हींना खालच्या बाजूनं तीन-तीन भोकं पाडली, नाहीतर पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते. भोकं पाडायला पुतण्याला पूर्ण एक दुपार लागली. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचा पट्टा असतो, हे ड्रिलचं पातं मोडल्यावर त्याला कळलं.